कमानीतला जोड

बिदरकडच्या हुमनाबादच्या नाक्यावर गुंडेरावाचं वेल्डिंगचं दुकान होतं, आणि गुंडेराव हा त्या नाक्यावरचा सगळ्यात भित्रा माणूस होता. लोक हे त्याच्या पाठीमागं म्हणत नसत, तोंडावर म्हणत. विहिरीत उतरायचं तर दोर ओढून ओढून बघणार, शिडी चढायची तर खाली दोघांना धरायला लावणार, आणि जीपमध्ये तर कुणी पाय धरले तरी बसणार नाही. जवळच्या कोहिनूर गावाला त्याचं थोडं शेत होतं. तिकडं निघालेली ओळखीची जीप समोर थांबून भोंगा वाजवायची, तरी हा गडी बसची वाट बघत उन्हात उभा. माझा जीव काय वाटेवर पडलाय का, म्हणायचा. पोरं हसायची. नाक्यावरचे जुने लोक मात्र हसत नसत, कारण त्यांनी ते बघितलं होतं.

गुंडेरावाचा थोरला भाऊ नरसिंग एका ठेकेदाराची जीप चालवायचा. म्हैसूर राज्य होतं तेव्हाची गोष्ट. ताडपत्रीच्या टपाची जीप, टपाला सायकलीच्या नळीएवढे बारीक पाइप. तिथल्याच, बिदरकडच्या कल्याणच्या रस्त्यावर एका वळणात बैल आडवा आला म्हणून नरसिंगनं चाक फिरवलं आणि जीप कडेच्या चरात उलटी झाली. वेग फार नव्हता. चर तर गुडघाभर खोल. पण टपाचे पाइप चिपाडासारखे मोडले आणि सगळं वजन माणसावर आलं. स्टिअरिंगखाली अडकलेला नरसिंग निघेना, तेव्हा कुणीतरी म्हणालं, गॅसनं कापावं लागेल, वेल्डर बोलवा. जवळपास वेल्डर एकच होता. गुंडेराव गॅसची नळी आणि कटर घेऊन गेला आणि त्यानं आपल्या भावाला लोखंडातून कापून बाहेर काढलं. नरसिंग तेव्हा गेलेलाच होता, एवढंच काय ते बरं.

त्या दिवसापासून नरसिंगची बायको सावित्रीबाई आणि तिच्या मांडीवरचा नागनाथ गुंडेरावाच्या घरात आले. गुंडेरावाला नि त्याच्या बायकोला, भागाबाईला, मूल झालं नाही. नागनाथ हाच त्या घराचा पोरगा. सावित्रीबाईनंही पुन्हा कधी जीपमध्ये पाऊल ठेवलं नाही. दीर-भावजय दोघं बसनं जात, दोघं बसनं येत, आणि त्यावर घरात कुणी बोलत नसे.

आता दैवाची चेष्टा बघा. भित्र्याच्या घरात वाढलेलं पोरगं कशात रमावं, तर गाड्यांत. नागनाथ दहावीनंतर कागद-पेन्सिलीच्या वाटेला गेला नाही. नाक्यावरच्या गॅरेजात इंजिनं उघडायला शिकला, मग चालवायला. अडत दुकानदाराचा मुलगा जगदेवप्पा त्याचा जिवलग. त्याच्या बापानं लष्कराच्या लिलावातली एक जुनी जीप शेतासाठी घेतली होती, ती या दोघांनी मिळून अशी नीट केली की घाटात ट्रकवाले वाट देऊ लागले. त्र्याऐंशी साली गुलबर्ग्याच्या एका हौशी मोटार क्लबनं संक्रांतीच्या सुमाराला रॅली ठेवली. माळावरून, गाडीवाटांनी, नाल्यांतून जायची शर्यत. नागनाथ चालवणार, जगदेवप्पा शेजारी नकाशा धरून बसणार. दोघांनी नावं देऊनही टाकली आणि मग घरी सांगितलं.

गुंडेराव जेवत होता. घास तसाच राहिला. सावित्रीबाई चुलीकडं तोंड करून बसली.

पण क्लबची एक अट होती, आणि त्या अटीनं गुंडेरावाला जरा धीर आला. गाडीत लोखंडी पिंजरा पाहिजे. गाडी उलटली तरी आतल्या माणसाच्या डोक्यावरची जागा तशीच राहावी, म्हणून. पिंजरा नसेल ती गाडी उभीसुद्धा करू देणार नव्हते. आता हुमनाबादेत असला पिंजरा कुठून येणार, असं गुंडेरावाला वाटलं आणि तो रात्रीचा निवांत झोपला.

जगदेवप्पानं हैदराबादहून पिंजरा आणला. चकचकीत, आरशासारखा, नाक्यावर उतरवला तेव्हा बघायला गर्दी जमली. वरातीच्या गाडीला शोभला असता. नागनाथनं तो फिरवून फिरवून बघितला. त्यानं क्लबचे नियम तोंडपाठ केले होते. ड्रायव्हरच्या डोक्यामागची मोठी कमान एकाच सलग पाइपची पाहिजे, मध्ये जोड नको. पाइपही बिनशिवणीचा, पाण्याच्या नळाचा चालत नाही. कमानीला मागून दोन टेकू आणि एक तिरपा दांडा. आणि पाय नुसत्या तळाच्या पत्र्यावर नाहीत, जाड पट्ट्या घालून चेसीसला, गाडीच्या मूळ सांगाड्याला, आवळलेले. हैदराबादच्या पिंजऱ्याची कमान तीन तुकड्यांची होती आणि पाय पत्र्यावर टेकवायचे होते. जगदेवप्पाचं म्हणणं, चमक बघूनच क्लबवाले पास करतील. नागनाथनं तो परत पाठवायला लावला.

गुंडेरावाला वाटलं, सुटलो. तेवढ्यात पोरगं त्याच्याकडं वळलं. म्हणालं, "काका, तुमीच करा. तुमच्या हातचा असला तर मला कशाचं भ्याव न्हाई."

आता काय करावं माणसानं? नाही म्हणावं, तर दोघं पुन्हा हैदराबादला जाणार आणि दुसरी काहीतरी चमकणारी वस्तू आणणार. करतो म्हणावं, तर आपल्याच हातानं पोराला त्या वाटेवर लावून द्यायचं. गुंडेराव हो म्हणाला. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत. त्या दिवसापासून त्याला जेवण गोड लागेना.

माल चांगला मिळाला, हेही त्याचं नशीबच म्हणायचं. साखर कारखान्याच्या भंगारात बॉयलरचे जुने पाइप पडले होते, बिनशिवणीचे, जाड अंगाचे. त्यातला एक इतका लांब होता की पूर्ण कमान एका दमात निघाली असती. बाकीचे आखूड. नागनाथनं सगळे दुकानात आणून टाकले आणि लांबडा पाइप वेगळा उभा करून ठेवला.

गुंडेराव रोज त्या लांबड्या पाइपकडं बघायचा. तो वाकवला की पिंजरा नियमाचा होणार. नियमाचा झाला की पास होणार. पास झाला की पोरगं जाणार. डोळे मिटले की त्याला चरातली जीप दिसायची, फक्त स्टिअरिंगखालचं तोंड नागनाथचं असायचं.

मग एके दुपारी नागनाथ जगदेवप्पाबरोबर टायर बघायला गेला आणि गुंडेरावानं आखूड पाइपांतले दोन घेतले. कोरडी वाळू ठासून भरली, तोंडं लाकडी गुट्ट्यांनी बंद केली, भट्टीत लाल केले आणि खुंटाला टेकवून दोन्ही वाकवले, अर्धी कमान इकडं, अर्धी तिकडं. माथ्याला मधोमध दोन्ही तोंडं भिडवली आणि जोडली. जोड दिसू नये म्हणून घासून साफ सपाट केला. घासला की जोडातला मालच निघून जातो, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत होतं? वरून काळा रंग मारला. लांबडा पाइप पोत्यांच्या मागं आडवा करून टाकला.

हैदराबादला ज्या उस्तादाच्या हाताखाली तो शिकला, ते म्हातारे पान थुंकून नेहमी एकच सांगायचे, दिखता सो जोड सच्चा, छुपता सो जोड कच्चा. आयुष्यात गुंडेरावानं जोड लपवला नव्हता. नांगराचा असो की ट्रॉलीचा, त्याचा जोड जाड, ओबडधोबड, लोकांपुढं छाती काढून उभा. हा पहिलाच लपवलेला. पण त्याचा हिशोब असा होता की हा पोराला दिसू नये आणि क्लबच्या तपासनिसाला दिसावा. ते लोक शिकलेले, तेवढंच बघायला येणारे. रंग खरवडतील, जोड दिसेल, नापास करतील. पोरगं घरी राहील, आणि खापर काकाच्या डोक्यावर फुटलं तर फुटू दे. ज्या पिंजऱ्यात कुणी बसणारच नाही, तो कच्चा असला म्हणून काय बिघडलं?

बाकी सगळं त्यानं चोख केलं. टेकू, तिरपा दांडा, पायाखालच्या पट्ट्या, बोल्ट. नागनाथ प्रत्येक जोडावरून हात फिरवायचा आणि खूश व्हायचा. वरच्या माथ्यावरूनही फिरवला. हाताला काही लागलं नाही.

क्लबचा तपासनीस येळवसच्या, म्हणजे वेळ अमावस्येच्या, आदल्या दिवशी आला. गोरटेला, चष्मेवाला, बोलायला फार गोड. त्यानं पाय बघितले, पट्ट्या बघितल्या, बोल्ट पान्यानं तपासले. गुंडेराव दुकानाच्या उंबऱ्यात उभा राहून त्याच्या हातांकडं बघत होता. आता वर बघेल, आता खरवडेल. तपासनिसानं कमानीवर बोटांनी टकटक केली, दोन्ही हातांनी धरून जीप हलवली, हसला, आणि चहा प्यायला बसला. मग समोरच्या काचेवर पिवळी चिठ्ठी चिकटवली. पास. इतकं साफ काम गुलबर्ग्यातही बघितलं नाही, म्हणाला, आणि गुंडेरावाचा हात हातात घेऊन दाबला.

गुंडेरावानं हात सोडवून घेतला. तिथंच सांगायचं होतं. सांगितलं असतं तर फारतर चारचौघांत लाज गेली असती. पण भित्र्या माणसाला सांगायचीही भीतीच वाटते, आणि तपासनिसाची गाडी धूळ उडवत गेलीसुद्धा.

दुसऱ्या दिवशी येळवस. त्या भागात वेळ अमावस्येला गावं ओस पडतात. बाजार बंद, दुकानं बंद, सगळी माणसं रानात. ज्वारी कमरेच्या वर आलेली, हरभरा घाट्यावर. गुंडेरावाच्या घरी देव गेले त्याला सत्तावीस वर्षं झाली होती. बिदर म्हैसूर राज्यात गेलं त्याच साली बाबासाहेबांचा धम्म घरात आला, आणि येळवसला रानात पूजेसाठी पांडवांचे दगड मांडायचं त्याच्या बापानं सोडलं. त्या दिवशीची डाळी-भाज्यांची मिसळ भाजी, भज्जी, मात्र सोडली नाही. कडब्याच्या पेंढ्यांची कोप अजून उभी राहायची, तिच्या सावलीत आंबिलीचं मडकं, भज्जी, बाजरीचे उंडे, आणि वाटेनं जाणाऱ्याला हाक मारून जेवायला बसवायचं. गुंडेराव पहाटेच बसनं कोहिनूरच्या रानात पुढं येऊन कोप बांधत होता. रात्रभर डोळ्याला डोळा नव्हता. आज पोराला बाजूला घेऊन सांगायचं, असं त्यानं मनाशी ठरवलं होतं. सकाळपासून ठरवत होता.

जीपचा आवाज आला. नागनाथ आणि जगदेवप्पा पुढं, मागं टोपल्या, मडकी, भागाबाई, शेजारची दोन लेकरं. आणि भागाबाईच्या शेजारी, दोन्ही हातांनी काळी कमान घट्ट धरून, सावित्रीबाई.

गुंडेरावाच्या हातातली पेंढी गळून पडली. एकोणीस वर्षांत ती बाई कुठल्या जीपमध्ये बसली नव्हती. खाली उतरली तेव्हा तिचा चेहरा घामानं भिजला होता, पण ती हसत होती. म्हणाली, "भाऊजी, तुमी केलाय म्हनून बसले. न्हाई तर बसले नसते."

गुंडेराव काहीतरी पुटपुटला आणि पाणी आणायच्या निमित्तानं विहिरीकडं गेला. तिथं तो काठाला धरून उभा राहिला. त्याला वाटलं, जेवणं होऊ देत, मग सांगू. मागं वळून बघतो तर नागनाथ आईला पुन्हा चढवत होता. गाडी कशी वळते ते तुला दाखवतो, बांधापर्यंत एक चक्कर, म्हणत होता. लेकरं टाळ्या वाजवत आधीच चढली होती. जीप हलली. पडीक तुकड्यातून उसळत गेली, नाल्याकडच्या उंच बांधाला तिरपी लागली आणि एका अंगावर कलली. सावित्रीबाईच्या दोन्ही मुठी बरोबर कमानीच्या माथ्याच्या मधोमध, जोडावर होत्या.

गुंडेराव पळाला. काट्यांतून, हरभऱ्यातून, अनवाणी. आयुष्यात इतका पळाला नसेल. बांधाच्या खाली येऊन जीपच्या समोर दोन्ही हात पसरून उभा राहिला आणि नागनाथनं करकचून ब्रेक दाबला. जीपचं नाक त्याच्या छातीपासून हातभर अंतरावर थांबलं.

"उतरा," तो म्हणाला. "वैनी, लेकरं उतरवा. कमानीत जोड हाय."

कुणाला कळलंच नाही. मग नागनाथनं इंजिन बंद केलं आणि खाली उतरला. गुंडेरावानं धापा टाकत सगळं सांगितलं. आखूड पाइप, घासलेला जोड, पोत्यांमागं टाकलेला लांबडा. नापास व्हावा म्हणून केला, हेही सांगितलं. नागनाथनं खिशातली चावी काढली आणि माथ्याचा रंग खरवडला. खाली केसाएवढी रेघ निघाली, आणि त्या रेघेत एके ठिकाणी ताजी, चकचकीत चीर पडलेली होती. एवढ्याशा उसळण्यानं.

शेजारच्या रानातून आंबील शिंपडणाऱ्यांच्या आरोळ्या येत होत्या.

"जगदेव माझ्या बाजूला बसनार होता, काका," नागनाथ शेवटी म्हणाला. आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त लागला. "त्येच्या आईला काय सांगितलं असतंव?"

आपल्या पोराच्या भीतीत दुसऱ्याचं पोरगं गुंडेरावाच्या ध्यानातच आलं नव्हतं. तो तिथंच ढेकळांवर बसला आणि लहान मुलासारखा रडला. सावित्रीबाई जीपपासून दूर उभी होती, पदर तोंडाला लावून. ती जवळ आली तेव्हा त्याला वाटलं, आता ही बोलेल ते बोलेल, ऐकून घ्यायचं.

"मला बी त्येला जाऊ द्यायचं न्हाई," ती म्हणाली. "पर मी त्येला खोटं लोखंड दिलं नसतं. आता नवा करा, भाऊजी. लांबड्या पाइपाचा. आन झाला की पैल्यांदा तुमी बसायचं. तुमी बसलाव तर पोरगं जाईल. न्हाई बसलाव तर जानार न्हाई, ही माझी जबान."

नागनाथनं आईचा शब्द मानला. त्या दिवशी भज्जी कुणाच्या घशाखाली नीट उतरली नाही. वाटेनं जाणाऱ्या परक्या माणसांना तेवढं पोटभर वाढलं.

दुकानात जुनी कमान गुंडेरावानं स्वतः कापून काढली. लांबडा पाइप बाहेर आला. वाळू भाजून भाजून कोरडी केली, कारण ओली राहिली तर बंद पाइप भट्टीत फुटतो आणि समोरच्या माणसाला घेऊन जातो. एका बाजूनं नागनाथनं पाइप धरला, दुसऱ्या बाजूनं त्यानं. पोरगं कामापुरतं बोलत होतं, धरा, सोडा, अजून जरा. लाल पाइप हळूहळू वाकत गेला आणि एकसंध कमान खाली उतरली तेव्हा दोघंही घामानं निथळत होते. पायाचे जोड गुंडेरावानं नेहमीसारखे केले, जाड आणि ओबडधोबड. रंग लावू दिला नाही. नुसतं तेल पुसलं. जगदेवप्पा म्हणाला, कसं दिसतंय ते. गुंडेराव म्हणाला, दिसू दे.

मग बसायचा दिवस आला. जीप दुकानासमोर उभी होती, नागनाथ चाकावर. नाक्यावर बातमी पसरली होती, त्यामुळं चहाच्या टपरीवर नेहमीपेक्षा माणसं जास्त. दुकानाच्या पायरीवर सावित्रीबाई आणि भागाबाई बसल्या होत्या. गुंडेराव जीपजवळ गेला आणि थांबला.

आता त्याच्या हातात सगळं होतं. नाही बसायचं, एवढंच करायचं होतं. कुणाला फसवायचं नाही, काही घासायचं नाही, लपवायचं नाही. घाबरट म्हणून तो प्रसिद्धच होता, कुणी नवल केलं नसतं. मागं फिरायचं, उंबऱ्यात जाऊन बसायचं, आणि पोरगं घरी राहील. आईनं जबान दिली होती आणि ती जबान मोडणारी बाई नव्हती. त्यानं खरंच एक पाऊल मागं घेतलं. टपरीवरचं कुणीतरी हसलं.

मग त्यानं वर कमानीकडं बघितलं. तिच्यात काही खोट नव्हती. इकडून तिकडं एकच लोखंड. तिच्याखाली बसायला नकार द्यायचा म्हणजे चांगल्या कामाला चारचौघांत कच्चं म्हणायचं. एकदा कच्च्याला पक्कं म्हणवून घेतलं होतं, आता पक्क्याला कच्चं म्हणवायचं. ते त्याच्यानं झालं नाही. त्यानं लोखंडाला धरलं आणि चढला.

नागनाथनं गाडी कल्याणच्या रस्त्याला घेतली. मुद्दाम घेतली की काय, गुंडेरावानं विचारलं नाही. नरसिंगचं ते वळण दिसलं तेव्हा त्यानं डोळे मिटून घेतले. हात वर करून कमानीचा माथा चाचपला, मधोमध. घासल्याचं काही लागलं नाही. नागनाथनं वळण सावकाश घेतलं, अगदी सावकाश, आणि बऱ्याच दिवसांनी आपण होऊन बोलला. "काका, डोळे उघडा. गेलं वळन."

परत आले तेव्हा गुंडेरावाला दोघांनी धरून उतरवावं लागलं. टपरीवरचे लोक पुन्हा हसले. तो सरळ पायरीपाशी गेला.

"जाऊ द्या पोराला, वैनी," तो म्हणाला.

सावित्रीबाईनं मान डोलावली. मग विचारलं, "भ्याव गेलं का तुमचं?"

"न्हाई."

"माझं बी न्हाई," ती म्हणाली आणि थोडी सरकून तिनं त्याला पायरीवर बसायला जागा केली.